ताठ कंचुकीची साक्ष

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं घरांत रेडिओचा आवाज थोडा कमी केला जाईल, याची मला कल्पना आहे. स्त्रियांच्या आंतल्या वस्त्रांविषयीं चारचौघांत बोलण्याची आपल्याकडे चाल नाहीं, आणि ती पाडावी असा माझाहि हेतु नाहीं. परंतु ज्या वस्त्राविषयीं मी बोलणार आहें तें सव्वादोनशें-अडीचशें वर्षांपूर्वींचें आहे. तें अंगांत घालणाऱ्या स्त्रिया कधींच काळाच्या उदरांत गडप झाल्या. वस्त्र तेवढें पातळ कागदांत गुंडाळलेलें, संग्रहालयाच्या खणांत निजून राहिलें आहे. जुन्या कागदपत्रांप्रमाणें हें वस्त्रहि साक्ष देतें. आणि मौज अशी कीं, त्याची साक्ष त्या काळच्या पुस्तकांच्या आणि चित्रांच्या साक्षीशीं पुष्कळ वेळां जुळत नाहीं. अशा वेळीं विश्वास कोणावर ठेवावा? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील यूरोपीय कॉर्सेटें जमविणाऱ्या आणि अभ्यासणाऱ्या मंडळींपुढें हाच प्रश्न गेलीं शंभर वर्षें उभा आहे.

प्रथम नांवाचा घोटाळा मिटवूं. कॉर्सेट म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें व्हिक्टोरिया राणीच्या काळची, डमरूच्या आकाराची, मध्यें आवळलेली आकृति येते. ती कृपा करून बाजूस ठेवावी. ती पुढच्या शतकाची गोष्ट. अठराव्या शतकांत इंग्रज या वस्त्राला 'स्टेज' म्हणत. रंगभूमीच्या स्टेजशीं याचा कांहीं संबंध नाहीं; आधार देणें या अर्थाच्या शब्दापासून हें नांव आलें. फ्रेंच लोक त्यास 'कोर' म्हणजे शरीर म्हणत. आणि 'कॉर्सेट' हा शब्द त्या वेळीं ह्याच्यापेक्षां मऊ, हलक्या वस्त्राला लावीत. या भाषणापुरतें आपण तिला 'ताठ कंचुकी' म्हणूं.

रेडिओवर चित्र दाखवितां येत नाहीं. म्हणून श्रोत्यांनीं घरांतलें एक साधें नरसाळें डोळ्यांसमोर आणावें. वर रुंद, खालीं निमुळतें. १७७५ च्या सुमाराच्या ताठ कंचुकीचा आकार असा असे. पुढच्या बाजूस ती कमरेच्या खालीं टोंकदार उतरत असे. कमरेखालच्या भागाला उभ्या चिरा देऊन पाकळ्या केलेल्या असत. त्या पाकळ्या नितंबांवर पसरत, आणि घागऱ्याच्या नाड्या त्यांच्यावर बांधल्या जात. त्यामुळें तीनचार घागऱ्यांचें ओझें कमरेच्या कातडीला काचत नसे. पाठीमागें दोन्ही कडांना भोंकें, आणि त्यांतून एकच लांब नाडी नागमोडी वर चढत जाई. कंचुकीच्या आंत लिननचा सैल शमीज घालीत. अंगाचा घाम त्या शमिजांत जिरे आणि तो धुतला जाई; कंचुकी मात्र धुण्याची वस्तु नव्हती. हें एवढें ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग आहे.

ही चैन फक्त दरबारी स्त्रियांची होती, असा समज असेल तर तोहि चुकीचा आहे. इंग्लंडांत राणीपासून मोलकरणीपर्यंत सर्वजणी ती घालीत. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या छापील खटल्यांत चोरीस गेलेल्या कपड्यांच्या यादींत ही कंचुकी वारंवार आढळते. कारण ती महाग होती, टिकाऊ होती आणि जुन्या बाजारांत ताबडतोब विकली जाई. आपल्याकडे बोहारीण जुनीं लुगडीं घेऊन भांडीं देते, तशा जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांवर त्या काळच्या लंडनांतील गरीब लोकांचा मोठा भरंवसा असे. गांवच्या धर्मादाय फंडांतून निराधार मुलींना जे कपडे दिले जात त्यांतहि तिचा समावेश असे. कष्टकरी बायकांसाठीं ती कित्येकदां जाड कातड्याची करीत. त्यांत पट्ट्या नसत, कातड्यावर नुसत्या उभ्या रेघा ओढलेल्या असत. लहान मुलांनाहि ती घालीत, आणि मुलगे विजार घालूं लागेपर्यंत त्यांचीहि त्यांतून सुटका नसे.

आतां तिचा ताठपणा कोठून येई तें सांगतों. त्या द्रव्याचें इंग्रजी नांव 'व्हेलबोन', म्हणजे देवमाशाचें हाड. परंतु तें हाड नव्हेच. कांहीं जातींच्या देवमाशांना दांत नसतात. त्यांच्या वरच्या जबड्यांतून पडद्यासारखे लांबच लांब पट्टे लोंबत असतात. प्रत्येक बाजूस तीनशेंच्या आसपास. समुद्राचें पाणी तोंडांत घेऊन या पट्ट्यांतून तो गाळून टाकतो आणि अडकलेले बारीक जीव गिळतो. आपलीं नखें आणि जनावरांचीं शिंगें ज्या द्रव्याचीं बनलेलीं असतात त्याच द्रव्याचे हे पट्टे असतात. उत्तर ध्रुवाकडील मोठ्या देवमाशाच्या तोंडांत दहा-बारा फूट लांबीचे पट्टे सांपडत. त्यांचे तीन गुण कारागिरांनीं ओळखले होते. ते उभे चिरले असतां सरळ चिरत जातात, सुरीनें हव्या तितक्या बारीक काड्या निघतात. ते वांकतात, पण सहसा मोडत नाहींत. आणि ऊब लागली कीं ते मऊ होऊन ज्या आकारांत धरावे तो आकार घेतात. हा तिसरा गुण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महिना-दोन महिने रोज अंगांत घातलेल्या कंचुकीच्या काड्या त्या बाईच्याच अंगाच्या उबेनें तिच्या बांध्याप्रमाणें वळत. अर्थात् वापरलेली प्रत्येक कंचुकी ही एका विशिष्ट शरीराचा ठसा आहे, आणि तें शरीर आज कोठेंहि नाहीं.

या ठशासाठीं किती देवमासे मेले, हा विचार मनांतून काढतां येत नाहीं. देवमाशांची शिकार मुख्यतः दिव्याच्या तेलासाठीं होई. पट्टे हा दुसरा मोठा लाभ. ब्रिटिश सरकारनें १७३३ सालीं या शिकारीस जाणाऱ्या मोठ्या जहाजांना टनामागें २० शिलिंगांचें बक्षीस सुरू केलें, आणि १७४९ सालीं तें दुप्पट, म्हणजे ४० शिलिंग केलें. तीनशें टनांच्या जहाजाला केवळ बक्षीस म्हणूनच सहाशें पौंड मिळत. उत्तर अटलांटिकांतील 'राइट व्हेल' या जातीचे देवमासे आज चारशेंहूनहि कमी उरले आहेत. त्यांच्या नाशाचा सारा दोष बायकांच्या कंचुक्यांवर लादणें अन्यायाचें होईल; दिवे सर्वांच्याच घरांत जळत होते. ज्यांना देवमाशाच्या पट्ट्या परवडत नसत त्यांच्या कंचुक्यांत वेत किंवा बोरूच्या काड्या घालीत. समोरच्या बाजूस मध्यावर एक लांकडी पट्टी सरकविण्यासाठीं कप्पाहि कित्येकदां ठेवीत. अशा पट्ट्यांवर प्रियकरांनीं चाकूनें कोरलेले बदाम, तारखा आणि आद्याक्षरें पाहावयास मिळतात. ज्या जागीं ती पट्टी बसे ती जागा लक्षांत घेतली म्हणजे या भेटींतील धिटाई कळून येते.

कंचुकी शिवणारे कारागीर बहुशः पुरुष होते, हें ऐकून आश्चर्य वाटेल. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें १६७५ सालीं पॅरिसमधील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांस स्वतंत्र संघ काढण्याची परवानगी दिली. त्यांना बायकांचे झगे शिवण्याचा हक्क मिळाला. ताठ कंचुकी मात्र शिंप्यांच्याच हातीं राहिली. १७४७ सालीं लंडनच्या धंद्यांची माहिती देणारें एक पुस्तक कॅम्बेल नांवाच्या लेखकानें प्रसिद्ध केलें. त्यांत हें काम बायकांच्या मनगटाला झेपणारें नाहीं असें कारण त्यानें दिलें आहे. परंतु त्याच कंचुकीचे नेफे शिवण्याचें डोळेफोडीचें काम बायकाच करीत, आणि त्याची मजुरी थोडी असे, हेंहि तोच सांगतो. चांगल्या कंचुकींत शंभराहून अधिक काड्या असत. प्रत्येक काडीला स्वतंत्र नेफा, आणि प्रत्येक नेफ्याला दोन्ही बाजूंनीं हातानें घातलेली टीप. कापड एक पदरी नसे. लिननचे दोनतीन पदर, त्यांत खळ देऊन कडक केलेला बक्रम. ज्या कोणा मुलीनें ही टीप मेणबत्तीच्या उजेडांत घातली तिचें मनगट कॅम्बेलसाहेबांना अशक्त वाटलें खरें! शिंपी माप घेई तें कागदाच्या लांब पट्टीनें. छाती, कंबर, पाठ यांच्या जागीं पट्टीला खुणेच्या खांचा पाडी. इंचांचे आंकडे छापलेली मापपट्टी अद्याप निघालेली नव्हती. प्रत्येक गिऱ्हाइकाची स्वतःची कागदी पट्टी असे.

या धंद्याची तपशीलवार माहिती आपणांस आहे याचें श्रेय फ्रेंचांना दिलें पाहिजे. दिदेरोच्या विश्वकोशाच्या चित्रांत कंचुकी शिवणाऱ्या शिंप्याचीं हत्यारें आणि नमुने काढलेले आहेत. आणि १७६९ सालीं गार्सो नांवाच्या ग्रंथकारानें फ्रेंच विज्ञान अकादमीच्या ग्रंथमालेंत शिंप्याच्या कलेवर जें पुस्तक लिहिलें त्यांत कापड बेतण्यापासून अस्तर लावण्यापर्यंत सर्व कृति दिली आहे. गर्भवती स्त्रीसाठीं दोन्ही कुशींना नाड्या असलेली, दिवसमासाप्रमाणें सैल करीत जाण्याजोगी कंचुकी करीत, हें अशाच चित्रांवरून समजतें.

जातां जातां एका कंचुकीवाल्याचें नांव घेतलेंच पाहिजे. इंग्लंडांतील थेटफर्ड गांवीं १७३७ सालीं जन्मलेल्या एका मुलाला त्याच्या बापानें आपल्याच धंद्यांत घातलें. त्यानें पुढें सँडविच गांवीं १७५९ सालीं स्वतःचें दुकान काढलें, परंतु धंदा कांहीं बसला नाहीं. हा कंचुकीवाला म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्याचा आणि माणसाच्या हक्कांचा सुप्रसिद्ध पुरस्कर्ता टॉमस पेन. त्याच्या शत्रूंना हें आयतेंच सांपडलें. जानेवारी १७९३ मध्यें गिलरे या व्यंगचित्रकारानें एक चित्र प्रसिद्ध केलें. त्यांत ब्रिटानिया झाडाला मिठी मारून उभी आहे, आणि पेन तिच्या पाठीवर पाय देऊन कंचुकीच्या नाड्या ओढीत आहे.

व्यंगचित्राचा विषय निघालाच आहे तेव्हां येथें थोडें थांबलें पाहिजे, कारण वादाचें मूळ येथेंच आहे. रोलंडसनचें १७९१ चें चित्र असेंच प्रसिद्ध आहे: एक स्थूल बाई, आणि तिच्या नाड्या जिवाच्या आकांतानें ओढणारा कंचुकीवाला. त्याच्या आधीं १७५३ सालीं होगार्थनें सौंदर्यावरील आपल्या पुस्तकांत कंचुक्यांची एक ओळच काढली होती. अगदीं सरळ आणि अगदीं फुगीर यांच्या मधली चौथी त्याच्या मतें सर्वांत सुंदर. चित्रकारांच्या मागोमाग डॉक्टर आणि तत्त्वज्ञ आले. रूसोनें १७६२ सालीं 'एमील'मध्यें या चालीवर टीका केली. १७७० सालीं फ्रान्सांत बोनो यानें देवमाशाच्या काड्यांमुळें मनुष्यजातीचा ऱ्हास होत आहे असें सांगणारें पुस्तक लिहिलें. १७८८ सालीं झ्योमरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें त्याच विषयावर निबंध लिहिला, आणि १७९३ च्या आवृत्तींत व्हीनसच्या पुतळ्याची निसर्गसिद्ध छाती आणि आवळून विद्रूप झालेल्या फासळ्या असें जोडचित्र दिलें. पुढें जो तो तें चित्र उतरून घेत राहिला. शंभर-सव्वाशें वर्षें या विषयावर जें लिहिलें गेलें तें या चित्रांवरून आणि या पुस्तकांवरून. कंचुकी स्वतः मात्र कोणी फारशी उलगडून पाहिली नव्हती.

ती उलगडून पाहण्याचें काम प्रथम संग्राहकांमुळें शक्य झालें. टॉल्बट ह्यूज हा इंग्रज चित्रकार. ऐतिहासिक प्रसंगांचीं चित्रें काढावयाचीं तर कपडे अस्सल हवेत, म्हणून त्यानें जुने कपडे जमविण्यास आरंभ केला, आणि जमवितां जमवितां मोठा संग्रह झाला. १९१३ सालीं लंडनच्या हॅरड्स या दुकानानें तो अडीच हजार पौंडांस विकत घेऊन व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयास अर्पण केला. दुसरे संग्राहक कनिंग्टन पतिपत्नी. दोघेंहि डॉक्टर. त्यांचा हजारों कपड्यांचा संग्रह मॅंचेस्टर शहरानें घेतला, आणि १९४७ सालीं प्लॅट हॉल या जुन्या वाड्यांत तो लोकांसाठीं खुला झाला. कनिंग्टन दांपत्यानें १९५१ सालीं आंतल्या वस्त्रांचा जो इतिहास लिहिला त्या पुस्तकामुळें या विषयाला विद्वानांच्या पंक्तींत पान मिळालें. त्याच्या तीन वर्षांनंतर नोरा वॉ या शिक्षिकेनें अस्सल कंचुक्यांवरून त्यांचे बेत कागदावर काढून प्रसिद्ध केले. तिच्या मागून जॅनेट आर्नल्डनें संग्रहालयें पालथीं घालून, एकेक कपडा मोजून, एकेक शिवण काढून दाखविण्याची जी शिस्त घालून दिली ती आजतागायत चालू आहे. तिच्याच ग्रंथमालेचा पांचवा भाग, तिच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनीं, २०१८ सालीं निघाला, आणि तो संपूर्णपणें ताठ कंचुक्या व त्यांच्या सोबतीच्या वस्त्रांना वाहिलेला आहे.

मग या मोजणाऱ्यांना काय दिसलें?

पहिली गोष्ट भोंकांची. अठराव्या शतकांतील कंचुकीचीं भोंकें नुसत्या दोऱ्यानें गोल शिवून पक्कीं केलेलीं असत. भोंकाला धातूची कडी बसविण्याची युक्ति १८२० च्या दशकाच्या अखेरीस निघाली. दोऱ्याच्या भोंकावर व्यंगचित्रांतल्यासारखा जोर केला तर तें फाटून जाईल. म्हणून नाडी जी ओढीत ती वस्त्र अंगाबरोबर बसण्यापुरती. दुसरी गोष्ट आकाराची. नरसाळ्याच्या आकाराची वस्तु कमरेला डमरूसारखी चिमटा घेऊं शकत नाहीं. ती छाती वर उचलते, पाठ सरळ ठेवते, आणि खालीं फुगलेल्या घागऱ्यांमुळें कंबर आहे त्याहून बारीक दिसते. बारीकपणाचा मोठा भाग हा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. तिसरी गोष्ट अशी कीं, गरीब वर्गांतील पुष्कळ कंचुक्यांच्या नाड्या पुढच्या बाजूस आहेत. त्या बाईला बांधून देणारी दासी नव्हती. पहाटे उठून तिला ती स्वतःच बांधावयाची होती, आणि ती बांधून दिवसभर पाणी वाहावयाचें, घुसळण करावयाचें, ओझीं उचलावयाचीं होतीं. श्वास कोंडणाऱ्या वस्त्रांत हें झालें नसतें.

येथें एक सावधगिरीची सूचना. संग्रहालयांतील एखाद्या कंचुकीची कंबर समजा चोवीस इंच भरली, तर त्यावरून त्या बाईची कंबर चोवीस इंच होती असें अनुमान काढणें चूक आहे. पाठीमागें दोन कडांमध्यें फट ठेवीत, आणि ती किती होती तें कपडा सांगत नाहीं. शिवाय मोठ्या मापाचा कपडा घरांत कोणाला ना कोणाला होतो, उसवून पुन्हा शिवतां येतो, झिजून संपतो. लहान मापाचा कोणालाच होत नाहीं, म्हणून पेटींत पडून राहतो आणि दोन शतकांनीं संग्राहकाच्या हातीं लागतो. जें टिकलें तेंच सार्वत्रिक होतें असें मानणें हा या छंदांतील सर्वांत मोठा सांपळा आहे. सुंदर रेशमी कंचुक्या पुष्कळ उरल्या आहेत. कातडी आणि जाड्याभरड्या कंचुक्या, ज्या असंख्य बायकांनीं घातल्या, त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

मग डॉक्टर खोटें बोलत होते काय? मला तसें म्हणावयाचें नाहीं. वाढत्या मुलीच्या कोंवळ्या फासळ्यांवर वर्षानुवर्षें दाब पडला तर त्याचा परिणाम होणारच. दरबारी पोषाखाची कंचुकी तर खरोखरच कठोर होती. तींत खांदे मागें खेचलेले, हात वर करतां येऊं नयेत असे. परंतु डॉक्टरांनीं वाईटांतील वाईट उदाहरण घेऊन तेंच सर्वांचें म्हणून सांगितलें, आणि व्यंगचित्रकारांनीं तर त्यासाठींच पैसे घेतले होते. विशेष म्हणजे या वादांत लेखणी बहुतेक पुरुषांच्याच हातांत होती. ज्यांच्या अंगावर तें वस्त्र होतें त्यांचें म्हणणें ऐकावयाचें असेल तर तें त्या वस्त्रावरच शोधलें पाहिजे.

आणि तें तेथें असतें! काखेखालचा गोट घामानें पिवळा पडून झिजलेला असतो. कुशीची शिवण उसवून तेथें निराळ्या कापडाची कळी घातलेली असते. म्हणजे बाई अंगानें भरली, बाळंतपणें झालीं, आणि नवी कंचुकी घेण्याची ऐपत नव्हती किंवा जुनी सोडवत नव्हती. मोडलेल्या काडीचें टोंक नेफ्यांतून बाहेर येऊन टोंचूं लागलें म्हणून त्यावर कातड्याचें ठिगळ दिलेलें असतें. अस्तर तर दोनदां-तीनदां बदललेलें सांपडतें. आरंभीं सांगितलें तें येथें आठवावें: कंचुकी धुवीत नसत. म्हणून अस्तर सर्वांत शेवटीं, मोठमोठे टांके घालून लावीत, कीं मळलें म्हणजे काढून टाकून दुसरें लावतां यावें. त्यामुळें अस्तराचें कापड पन्नास वर्षें मागाहूनचें निघालें तरी कंचुकीस खोटी ठरविण्याची घाई करूं नये. याच्या उलट, कडेची शिवण शिलाई-यंत्राची असेल किंवा भोंकांत पितळेची कडी असेल, तर विकणारा कितीहि शपथा वाहो, ती वस्तु अठराव्या शतकाची नव्हे, किंवा निदान तिच्यावर पुढें कोणीतरी हात चालविलेला आहे. तमाशा किंवा नाटक कंपन्यांनीं जुने कपडे कापून वेष केले असें सर्वच देशांत घडतें. यूरोपांत तर हौशी लोकांच्या वेषांतराच्या मेजवान्यांसाठीं कित्येक अस्सल कपडे फाडून पुन्हा शिवले गेले.

आज काड्या मोजण्यासाठीं शिवण उसवावी लागत नाहीं. क्ष-किरणांचें छायाचित्र काढलें कीं अस्तराआड किती काड्या आहेत, कोठें मोडल्या आहेत, कोठें दुसरी काडी जोडली आहे, हें स्पष्ट दिसतें. अभ्यासक त्यावरून नवी प्रत शिवतात, देवमाशाच्या ऐवजीं प्लास्टिकच्या पट्ट्या घालतात, आणि ती अंगांत घालून जिना चढून, चूल पेटवून, झाडलोट करून पाहतात. कांहीं वृद्ध पंडितांना हा प्रकार पोरखेळ वाटला. मला वाटत नाहीं. टांक्याचा हिशेब जसा बोटांना कळतो तसा डोळ्यांना कळत नाहीं. मात्र अस्सल कंचुकी अंगांत घालून पाहण्याचा मोह ज्यांना आवरत नाहीं त्यांनीं या वाटेस जाऊं नये. दोनशें वर्षांचें रेशीम एका श्वासानें तडकतें.

घरगुती संग्राहकाला आणखी एकच गोष्ट कळकळीनें सांगावीशी वाटते. जुनी वस्तु हातीं आली कीं ती धुवावी, डाग काढावे, फाटकें अस्तर बदलावें, झिजलेला गोट नवा लावावा, अशी आपली सहजबुद्धि असते. नीटनेटक्या गृहिणीची ती बुद्धि आहे आणि संसारांत तिचें मोल मोठें आहे. परंतु येथें ती घात करते. मागील पिढीच्या कित्येक संग्राहकांनीं प्रदर्शनांत वस्तु चांगली दिसावी म्हणून असेंच केलें. परिणाम असा झाला कीं, आज त्या कंचुक्या दिसावयाला नव्याकोऱ्या आहेत आणि त्यांना विचारावयाचें कांहीं उरलेलें नाहीं. घामाचा डाग गेला तेव्हां ती बाईहि गेली. माझ्यापुढें एक स्वच्छ, दुरुस्त केलेली आणि एक मळकी, ठिगळांची अशा दोन कंचुक्या ठेवल्या तर मी डोळे मिटून दुसरी उचलीन. जपणूक करावी ती निराळ्या रीतीनें. उजेड थोडा असावा. संग्रहालयें अशा कपड्यांवर पन्नास लक्सहून अधिक प्रकाश पडूं देत नाहींत. घडी घालूं नये. आणि किड्यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावें, कारण लोंकर खाणारे किडे देवमाशाच्या काड्याहि तितक्याच आवडीनें खातात. बाहेरून कंचुकी शाबूत आणि आंत नेफ्यांत नुसती भुकटी, असा प्रकार घडतो.

या ताठ कंचुकीचा शेवट डॉक्टरांच्या उपदेशानें झाला नाहीं. त्यांत आपल्या देशाच्या कापडाचा थोडा हात आहे. बंगालची पातळ मलमल यूरोपांत गेली, आणि १७८३ सालीं फ्रान्सच्या राणीचें, मारी आंत्वानेतचें, साध्या पांढऱ्या मलमलीच्या झग्यांतील चित्र मादाम व्हिजे ल ब्रँ या चित्रकर्त्रीनें पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडलें. राणी आंतल्या कपड्यांतच लोकांसमोर आली असा गवगवा होऊन तें चित्र काढून घ्यावें लागलें. पण दहा-बारा वर्षांत सर्व यूरोप त्याच कपड्यांत वावरूं लागला. झग्याची कंबर चढत चढत छातीच्या खालीं येऊन ठेपली. मऊ, अंगासरशी पडणाऱ्या मलमलीखालीं शंभर काड्यांचें नरसाळें शोभेना. १७९५ च्या पुढच्या कंचुक्या पाहाव्यात: वीतभर उंचीच्या, कापड बहुधां सुती किंवा लिनन, छातीखालीं दोन कळ्या आणि काड्या अगदीं मोजक्या. शेजारीं १७७५ ची ठेवली तर या दोन वस्तु एका घरच्या वाटत नाहींत. तरी १७५५ सालीं जन्मलेल्या एकाच बाईनें पहिली विसाव्या वर्षीं घातली असेल, आणि दुसरी चाळिसाव्या वर्षीं.